जंतूला अँटिबॉडी चिकटली, हे पेशीला कळतं कसं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. मी लातुरात बारावीच्या आणि नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात रोगप्रतिकार शक्तीचं प्रकरण चालू होतं. "अँटिबॉडी जंतूला चिकटते आणि मग भक्षक पेशी त्याला गिळते" हे वाक्य मी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या दिवशी अहमदपूरकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, रक्तात अँटिबॉडी नुसत्या तरंगतही असतात ना? मग ही रिकामी आणि ही जंतूला धरून बसलेली, हे पेशीला कसं कळतं? तिनं रिकामीलाच धरलं तर?"

मी "उद्या सांगतो" म्हणालो. उत्तर शोधायला चार रात्री गेल्या. जे सापडलं ते इथं मांडतो, कारण आपल्या पुस्तकांत हा भाग अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

प्रश्न किती रास्त आहे बघा. एक लिटर रक्तद्रवात आयजीजी जातीच्या अँटिबॉडी साधारण ७ ते १६ ग्रॅम असतात, म्हणजे दोन-तीन चमचे साखरेएवढ्या. त्यातल्या बहुतेक रिकाम्याच फिरत असतात. पेशी प्रत्येकीला दाद देत बसली तर माणूस कायम तापानं फणफणेल.

आधी आकार. बेचकी डोळ्यासमोर आणा. वरचे दोन फाटे जंतूला धरतात, आणि ते प्रत्येक जंतूसाठी वेगळे. खालचा देठ मात्र एका जातीच्या सगळ्या अँटिबॉडींमध्ये जवळपास सारखाच. पेशीच्या अंगावरचे रिसेप्टर धरतात तो हा देठ. त्याला एफसी म्हणतात, म्हणून हे एफसी रिसेप्टर.

या नावामागं पपई आहे. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या अँटिबॉडी पपेननं तोडल्या. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईची फोड टाकतो ना, तेच. अँटिबॉडीचे तीन तुकडे झाले. दोन जंतूला धरणारे, आणि तिसऱ्याचे चक्क स्फटिक तयार झाले. स्फटिक होणारा तुकडा, क्रिस्टलायझेबल फ्रॅगमेंट, म्हणून एफसी. स्फटिक बनायला रेणू एकसारखे लागतात, म्हणजे देठ सगळीकडं सारखा आहे हे त्या स्फटिकांनीच सांगून टाकलं. पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

आता खरा मुद्दा. २००० साली हा देठ आणि सीडी१६ नावाचा रिसेप्टर एकमेकांना धरलेल्या अवस्थेतली रचना प्रसिद्ध झाली. देठ दोन साखळ्यांचा असतो. फाटे आणि देठ जिथं जुळतात त्या बिजागरीच्या खाली त्या साखळ्या जराशा फाकलेल्या असतात आणि रिसेप्टर बरोबर त्या फटीत येऊन बसतो. एक बसला की दुसऱ्याला जागा उरत नाही. एका देठाला एकच रिसेप्टर! हे वाचून मी बराच वेळ तिथंच थांबलो. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

पेशीच्या आत निरोप जातो तो एकट्या रिसेप्टरकडून जात नाही. रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर, किंवा त्याच्या जोडीदार साखळीवर, आयटॅम नावाची जागा असते. अनेक रिसेप्टर अगदी शेजारी-शेजारी आले तरच या जागांवर फॉस्फेट चढतं, मग सिक नावाचं विकर येऊन चिकटतं आणि पेशी कामाला लागते. एकटी अँटिबॉडी एकाच रिसेप्टरला धरू शकते, म्हणजे ती दोघांना जवळ आणूच शकत नाही. ती येते, धरते, सुटते, निघून जाते. जंतूच्या अंगावर मात्र शेकडो अँटिबॉडी दाटीनं बसलेल्या असतात आणि सगळ्यांचे देठ बाहेर. पेशीच्या पातळ आवरणावर तरंगणारे रिसेप्टर त्या देठांमागं सरकत एका जागी गोळा होतात.

जंतू धरल्यावर देठाचा आकार बदलत असेल आणि त्यावरून पेशी ओळखत असेल, असा माझा समज होता. तशी गरजच नाही. पेशी मोजते ती दाटी.

दुसऱ्या दिवशी मी रानातली कुसळं आणि जुन्या घोंगडीचा तुकडा वर्गात नेला. एक कुसळ घोंगडीला लावलं, झटकलं, पडलं. मग मूठभर कुसळं एकत्र पीळ घातलेली लावली आणि उचलली, तर घोंगडीचा तुकडा त्यांच्यासोबत वर आला. कुसळं तीच होती. मुलीनं ते हातात घेऊन दोनदा करून बघितलं आणि मग वहीत उतरवून घेतलं.

कुणाला भर घालायची असेल, दुरुस्ती करायची असेल तर जरूर करा.

तेरणेचं_पाणी (धाराशिव)

सर, मी लॅबमध्ये काम करतो. रक्तगट बघताना काचेवर रक्ताच्या गुठळ्या होतात त्या रोज बघतो, पण देठाचा विचार कधी केला नव्हता. एक शंका. सीडी६४ हा रिसेप्टर एकट्या आयजीजीलाही घट्ट धरतो असं वाचलंय. मग तुमचा हिशोब तिथं कसा बसतो?

मांजराकाठ (लातूर)

चांगली शंका काढलीत दादा. सीडी६४ ची पकड सीडी१६ आणि सीडी३२ (हाही एक एफसी रिसेप्टरच) यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते. त्यामुळं रक्तातल्या पेशीवरचे सीडी६४ बहुधा आधीच एकेका आयजीजीनं भरलेले असतात. तरी पेशी शांत असते, कारण निरोपासाठी तिथंही गोळा व्हावंच लागतं. घट्ट धरणं वेगळं आणि निरोप देणं वेगळं.

अॅलर्जीत हेच टोकाला जातं. मास्ट पेशी म्हणजे अॅलर्जी घडवणाऱ्या पेशी, त्यांच्यावरचा रिसेप्टर आयजीई जातीच्या अँटिबॉडीला इतका घट्ट धरतो की ती आठवडेच्या आठवडे तिथंच बसून राहते. गाजरगवताचे परागकण येऊन शेजारच्या दोन-चार आयजीईंना एकत्र जोडतात, तेव्हा कुठं हिस्टामीन बाहेर पडतं आणि शिंका सुरू होतात.

बालाघाटची_माती (अंबाजोगाई)

सर, गिळण्याबद्दल एक जोडतो. १९७० च्या दशकात एक सुंदर प्रयोग झाला होता. एका पेशीच्या फक्त एका बाजूला अँटिबॉडी गोळा केल्या आणि ती मॅक्रोफेजपुढं, म्हणजे गिळणाऱ्या भक्षक पेशीपुढं, ठेवली. मॅक्रोफेजनं तिला धरलं, पण गिळलं नाही. सगळ्या अंगावर अँटिबॉडी असेल तरच आवरण चेन लावल्यासारखं दाणा-दाणा पुढं सरकत पूर्ण वेढा घालतं. एका ठिकाणची पकड पुरत नाही, वाटभर देठ सापडत राहावे लागतात.

गोदाकाठ (नांदेड)

सर, मी शेतकरी माणूस. समजेल तेवढं वाचायलोय. पण माझा प्रश्न वेगळाच हाय.

मागल्या दिवाळीच्या टायमाला सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री काढताना माझ्या चुलत्याला घोणस चावली. पायाला. अर्ध्या तासात पाय सुजून खांबासारखा. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टरनं रक्त काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आन् म्हणल्या, कुणी हात लावू नका. वीस मिनिटं आम्ही त्या नळीकडं बघत बसलो. मग त्यांनी नळी तिरपी केली तर रक्त पाण्यावाणी पळालं, गोठलंच नव्हतं. मग बाटल्या काढल्या. आत पांढरी भुकटी. पाणी सोडून हळूहळू दोन्ही तळहातात फिरवायल्या, म्हणल्या हलवलं की फेस होतो. एक-एक करून दहा बाटल्या. चुलता वाचला. आता ठणठणीत हाय, यंदा पेरणीला सोबत होता.

डॉक्टरसाहेब तवा म्हणले होते, "ह्या घोड्याच्या अँटिबॉडी आहेत, देठ काढलेल्या." तवा कळलं नाही. आता सर म्हणतेत की देठामुळंच पेशी कामाला लागते. मग सापाच्या औषधात देठ कामून काढतेत?

बालाघाटची_माती (अंबाजोगाई)

भाऊ, चुलते बरे झाले हे वाचून फार बरं वाटलं. मी डॉक्टर आहे, सर्पदंशाचे रुग्ण पावसाळाभर बघतो. तुमचा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जंतू मारायचा तर भक्षक पेशीला बोलवावं लागतं, म्हणून देठ हवा. विष म्हणजे जिवंत जंतू नव्हे, ती प्रथिनं आहेत. त्यांच्यावर अँटिबॉडीचे दोन हात, म्हणजे सरांनी सांगितलेले फाटे, घट्ट बसले की विषाला आपल्या पेशींवर किंवा रक्त गोठवणाऱ्या घटकांवर बसताच येत नाही. काम हातांवर भागतं.

उलट देठ ठेवला तर धोका वाढतो. तो घोड्याचा देठ आहे, परका. आपण एकाच वेळी ग्रॅमच्या ग्रॅम परकं प्रथिन शिरेत सोडतो. त्याचे पुंजके झाले तर देठ आपल्याच पेशींच्या रिसेप्टरना आणि रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या बचाव-प्रथिनांना चेतवतील. म्हणून कारखान्यात पेप्सिन वापरतात, जठरातलं विकर. सरांनी पपेन सांगितलं, ते बिजागरीच्या वर कापतं आणि दोन हात सुटे होतात. पेप्सिन बिजागरीच्या खाली कापतं. त्यामुळं दोन्ही हात एकमेकांना जोडलेलेच राहतात आणि देठाचे बारीक तुकडे होतात. तरीही रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनॅलिनची सुई भरून शेजारी ठेवल्याशिवाय आम्ही बाटली लावत नाही.

भारतात मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. १ मिलीत घोणसचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करण्याची ताकद असते. बाटली १० मिलीची. दहा बाटल्या म्हणजे ६० मिलिग्रॅम. लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. सहा तासांनी ती नळीची तपासणी परत करतो, कारण विष निष्प्रभ झालं तरी गोठवणारे घटक नव्यानं बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती. चावल्यावर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, बाबाकडं नेऊ नका. पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा.

गोदाकाठ (नांदेड)

डॉक्टरसाहेब, आता समजलं. चुलत्याला वाचून दाखवलं. ते म्हणायलेत, त्या सिस्टरला नमस्कार सांगा.

रानपाखरू (भोकर)

नमस्कार सर, नमस्कार डॉक्टर. मी आशा म्हणून काम करते. गरोदर बाईला आम्ही टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, सुई द्यायला नेतो. बायका विचारतात, "सुई मला, मग धनुर्वात बाळाला कसा होत नाही?" मी "तुझ्यातून त्याला जातं" एवढंच सांगते. पण आईचं रक्त आणि बाळाचं रक्त तर मिसळत नाही. मग जातं कसं?

मांजराकाठ (लातूर)

ताई, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. इथंही देठच आहे, रिसेप्टर मात्र निराळा. त्याचं नाव एफसीआरएन, त्यातला एन म्हणजे निओनेटल, नवजात बाळाचा. असा काही रिसेप्टर असणार हा अंदाज फ्रान्सिस ब्रॅम्बेल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटीच मांडला होता, रिसेप्टर हाती लागायच्या कितीतरी आधी.

वारेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी आईच्या रक्ताचे बारीक थेंब पीत असतात. पेशीच्या आत तो थेंब आंबट होतो, पीएच ६ च्या आसपास. आंबटपणात अँटिबॉडीच्या देठावरच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांवर भार येतो आणि एफसीआरएन देठाला धरतो. सीडी१६ फटीत धरतो, हा त्याच्या बराच खाली, देठाच्या मध्यावर. मग ती जोडी पेशी ओलांडून बाळाच्या बाजूला जाते. तिथं पीएच ७.४. भार गेला की पकड सुटते आणि अँटिबॉडी बाळाकडं जाते. धरायला आंबट, सोडायला साधं. इतकी साधी किल्ली आहे ही.

आयजीएम आणि आयजीई या वाटेनं जात नाहीत, त्यांचा देठ या रिसेप्टरला चालत नाही. सगळ्यात जास्त वाहतूक शेवटच्या तीन महिन्यांत होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकं, कधी आईपेक्षाही जास्त असतं. आठव्या महिन्याच्या आत झालेलं बाळ इथंच उणं पडतं.

हाच रिसेप्टर मोठ्या माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असतो आणि आयजीजीला पचण्यापासून वाचवून परत रक्तात सोडतो. म्हणून आयजीजी अर्धं व्हायला तीन आठवडे लागतात. डॉक्टर, सापाच्या औषधाला देठच नाही, म्हणजे ते शरीरातून लवकर जात असणार ना?

बालाघाटची_माती (अंबाजोगाई)

हो सर, लवकर जातं. त्यामुळं चावलेल्या जागेतून विष उशिरा रक्तात उतरलं तर लक्षणं परत दिसू शकतात. रुग्णाला बरं वाटतंय म्हणून नातेवाईक घरी नेतो म्हणतात तेव्हा मी याच कारणानं थांबवतो.

ताई, तुम्हाला एक सांगतो. विळ्यानं नाळ कापणं, नाळेवर शेण लावणं यातून धनुर्वात होऊन बाळं सातव्या-आठव्या दिवशी दगावायची. माझ्या आजीनं असं एक बाळ गमावलं होतं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात तुम्ही पायपीट करून दिलेल्या सुयांचा वाटा आहे.

रानपाखरू (भोकर)

डॉक्टर, सर, डोळे भरून आले. उद्या बैठकीत बायकांना हे आंबट-साध्याचं सांगणार.

गोदाकाठ (नांदेड)

सर, मग गायी-म्हशीत बी वारेतून जातं का?

मांजराकाठ (लातूर)

नाही भाऊ, आणि हे तुम्ही विचारलं ते फार बरं झालं. गाय-म्हशीच्या वारेचे थर जाड असतात, त्यातून अँटिबॉडी जात नाहीत. वासरू, रेडकू जवळपास रिकाम्या हातानं जन्मतं. त्याला सगळं मिळतं ते चिकातून. पहिल्या दिवशी त्याच्या आतड्याची भिंत अँटिबॉडी न पचवता अख्खी आत घेते. तासागणिक ही वाट बंद होत जाते आणि २४ तासांनी जवळपास मिटते. पहिल्या धारेचा चीक खरवसाला गेला आणि वासराला उशिरा पाजलं, की हगवणीनं ते का मरतं त्याचं हे कारण.

जुनं_शहर (छत्रपती संभाजीनगर)

धागा दोन दिवस वाचतोय. माझी अडचण उलटी आहे. माझ्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता, हलका. यंदा परत झाला तर प्लेटलेट पंधरा हजारांवर आल्या, पोटात पाणी झालं, आयसीयूत सहा दिवस. डॉक्टर म्हणाले दुसरा डेंग्यू जास्त वाईट असू शकतो. अंगात आधीच अँटिबॉडी होत्या ना? मग त्यांनी वाचवायला नको होतं? आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, प्रत्येक घरात तीन-चार ड्रम भरलेले. भीती वाटते.

बालाघाटची_माती (अंबाजोगाई)

दादा, भाऊ घरी आला हे चांगलं झालं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेल्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पण दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर जुन्या अँटिबॉडी त्याला धरतात खऱ्या, मात्र निकामी करण्याइतक्या घट्ट नाही. हात अर्धवट बसलेले आणि देठ बाहेर. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्या देठांना धरून विषाणू आत ओढतात. डेंग्यूच्या विषाणूला वाढायला नेमक्या याच पेशी हव्या असतात. आपल्याच रिसेप्टरनं त्याला दार उघडून दिल्यासारखं होतं.

आईकडून आलेल्या अँटिबॉडी विरळ होत जातात तेव्हा, साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांत, पहिलाच डेंग्यू गंभीर होण्यामागंही हेच कारण मानलं जातं. ताईंनी विचारलेली वाट आणि ही वाट इथं एकत्र येतात.

म्हणून घाबरून जाऊ नका. दुसऱ्यांदा झालेल्यांतलेही बहुतेक बरे होतात. ताप उतरतानाचे दोन दिवस जपायचे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप मरगळ दिसली की लगेच दवाखाना.

आणि ड्रमचं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. नुसतं पाणी ओतून देऊ नका, आतून काथ्यानं घासा. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी असताना महिनोन्महिने जगतात. पाणी भरलं की पुन्हा फुटतात. झाकण नसेल तर जुन्या धोतराचं दुहेरी कापड ताणून बांधा.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. देठावर २९७ व्या जागी साखरेची एक फांदी असते. ती पूर्ण काढली तर सीडी१६ देठाला नीट धरत नाही. पण त्या फांदीतली फ्युकोज नावाची एकच साखर काढली, तर सीडी१६ ची पकड पन्नास पटींपर्यंत वाढते, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. कर्करोगाच्या काही औषधांत मुद्दाम फ्युकोज नसलेल्या अँटिबॉडी वापरतात, म्हणजे एनके नावाच्या मारेकरी पेशी गाठीतल्या पेशींवर जोरानं तुटून पडतात. २०१२ मध्ये जपाननं मंजूर केलेलं मोगाम्युलिझुमॅब हे त्यातलं एक. आणि ज्यांच्या अँटिबॉडींवर नैसर्गिकपणेच फ्युकोज कमी, त्यांच्यात गंभीर डेंग्यू जास्त आढळला आहे. एका साखरेनं एकीकडं फायदा, एकीकडं घात.

सीडी३२बी नावाचा एक रिसेप्टरही आहे, तो देठ धरल्यावर पेशीला थांबवतो. त्याच्यावर सविस्तर लिहायचंय, पण वेगळा धागा काढीन. इथं गर्दी होईल.

जुनं_शहर (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टर, सर, आभारी आहे. रविवारी गल्लीतल्या पोरांना घेऊन अकरा ड्रम घासले. तीन ड्रमांत अळ्या होत्या.

गोदाकाठ (नांदेड)

सर, काल पहाटे चारला म्हैस व्याली. रेडी हाय. घरात सगळे खरवसाची वाट बघायले होते, पण तुमचं वाचलेलं चुलत्यानं सगळ्यांना सांगितलं. रेडी उभी राहायच्या आधीच बाटलीनं चीक पाजला. किती पाजावा? एका टायमाला लिटरभर पिली.

मांजराकाठ (लातूर)

अभिनंदन भाऊ! तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेला पाहिजे. तीस किलोची असेल तर तीन लिटर. एका दमात पीत नसेल तर तीन-चार वेळा करून पाजा, आणि चीक धारोष्ण असू द्या.

गोदाकाठ (नांदेड)

दुपारपर्यंत तीन लिटर पुरा झाला. उरलेल्याचा खरवस आज केला.